चौथ्या मितीतला घन कसा दिसेल? चला, एक पायरी खाली उतरून बघू या



पाचवीच्या गणितात त्रिमितीय वस्तू आणि त्यांच्या घडणी हा भाग येतो. आपण फळ्यावर एक चौरस काढतो, त्याच्या जरा वर आणि उजवीकडे दुसरा चौरस काढतो, कोपरे रेषांनी जोडतो आणि सांगतो, "हा बघा घन." बहुतेक मुलं मान डोलावतात. पण एखादं पोरगं बेधडक म्हणतं, "मॅडम जी, बाजूचे चौकोन तर वाकडे हायेत!"

ते पोरगं बरोबर बोलत असतं. घनाची सहाही पृष्ठं चौरस असतात, पण चित्रात खरे चौरस दोनच. बाकीचे चार तिरपे, समांतरभुज चौकोन. फळा सपाट, घन जाड. सपाट जागेत जाड वस्तू मावत नाही, म्हणून आपण तिची खूण काढतो आणि डोळ्यांना ती खूण वाचायची सवय लावतो. आपल्याला ही सवय इतकी जुनी झालेली असते की ती कधीतरी शिकलो होतो हेच आपण विसरतो. मुलाला ती नवीनच शिकायची असते.

आज आपणही तसंच काहीतरी नवीन शिकू या. आपल्यापैकी कोणीच न पाहिलेली वस्तू घेऊ: चार मिती असलेला घन. तो डोळ्यांना दिसणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण त्याला कोपरे किती, कडा किती, त्याची सावली कशी पडेल, तो उलगडला तर कसा दिसेल, हे सगळं पाचवीच्या गणिताच्या बळावर ठामपणे सांगता येतं. त्यासाठी युक्ती एकच आहे. अडलं की एक मिती खाली उतरायचं, तिथे काय घडतं ते नीट बघायचं आणि तोच नियम घेऊन पुन्हा वर चढायचं.

मिती म्हणजे काय?

मिती म्हटलं की घरातल्या मोठ्यांना लग्नपत्रिकेवरची मिती आठवते. शब्द तोच आहे, मूळ अर्थ मोजमाप. भूमिती म्हणजे जमिनीचं मोजमाप. एखादी जागा नेमकी सांगायला जितकी मापं लागतात, तितक्या तिथे मिती.

रस्त्यावर बस बंद पडली, तर "भंडाऱ्यापासून अमुक किलोमीटरवर" एवढं सांगितलं की पुरतं. एक माप, एक मिती. धानाच्या बांधीत एखादी वस्तू हरवली, तर "या धुऱ्यापासून इतकी पावलं आणि त्या धुऱ्यापासून इतकी पावलं" अशी दोन मापं लागतात. नकाशावर भंडारा शहर शोधायलाही दोनच मापं लागतात: अक्षांश साधारण २१.२ अंश उत्तर आणि रेखांश साधारण ७९.६ अंश पूर्व. बोअरचं पाणी कुठे लागलं हे सांगायचं असेल, तर या दोहोंच्या जोडीला खोली हवी. तीन मापं, तीन मिती.

आता वर्गखोलीच्या कोपऱ्यात बघा. दोन भिंती आणि जमीन जिथे मिळतात तिथून तीन रेषा निघतात आणि प्रत्येक रेषा दुसऱ्या दोघींशी काटकोन करते. चौथी मिती म्हणजे या तिन्ही रेषांशी एकाच वेळी काटकोन करणारी चौथी रेषा. मुलांना ती शोधायला सांगा. काठ्या घेऊन, वाकून, बाकावर चढून बघू द्या. सापडणार नाही. पण हा शोध फुकट जात नाही. "सापडत नाही" म्हणजे नेमकं काय सापडत नाही, हे त्यांना हाताने कळतं.

तळ्यावरची निवळी

आपला भाग तलावांचा. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले मालगुजारी तलाव आजही भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत धानाला पाणी देतात. अशा तळ्याच्या पाण्यावर न बुडता सरसर पळणारा लांब पायांचा किडा मुलांनी पाहिलेला असतोच. त्याला निवळी म्हणतात. आता अशी एक कल्पनेतली निवळी घ्या, जिला फक्त पाण्याचा पृष्ठभाग ठाऊक आहे. पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे तिला कळतं. "वर" आणि "खाली" हे शब्दच तिच्या भाषेत नाहीत.

भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं. तसा एक पितळी गुंड घ्या आणि बुडाकडून हळूहळू पाण्यात दाबा. निवळीला काय दिसेल? आधी काहीच नाही. मग अचानक एक ठिपका. ठिपक्याचा गोल होतो. गोल वाढतो, खूप मोठा होतो, मग लहान व्हायला लागतो. ही गुंडाची मान. काठाशी गोल पुन्हा थोडा रुंदावतो आणि एकदम नाहीसा होतो. तिच्या दृष्टीने हा चमत्कार. कुठून आला, कुठे गेला? आपल्याला माहीत आहे की गुंडात कणभरही बदल झाला नाही. तो फक्त तिच्या जगातून आरपार गेला. तिला एका वेळी त्याची एकच चकती दिसत होती.

आता वर चढू. आपण त्या निवळीच्या जागी आहोत आणि आपलं त्रिमितीय जग हा तिचा पृष्ठभाग आहे. चौथ्या दिशेने एक चौमितीय चेंडू आपल्या वर्गातून आरपार जातोय. काय दिसेल? हवेत अचानक एक बारीक दाणा. तो फुगत बोराएवढा, मग टरबुजाएवढा होईल, पुन्हा आक्रसत जाईल आणि हवेतच नाहीसा होईल. निवळीला गोलाची चकती दिसली, आपल्याला अख्खा गोळा दिसेल, आणि तो गोळा म्हणजे त्या मोठ्या चेंडूची फक्त एक चकती असेल.

आणखी एक गंमत. निवळीभोवती पाण्यावर सायकलच्या ट्यूबचं गोल कडं ठेवलं, तर ती कैद झाली. आपण मात्र तिला वरून चिमटीत उचलून कड्याबाहेर ठेवू शकतो, कड्याला हातही न लावता. तसंच चौथ्या दिशेने हात घालता येणाऱ्याला कुलूपबंद पेटीतला लाडू काढता येईल. कुलूप तसंच, झाकण तसंच, लाडू बाहेर! आपली पेटी सहा बाजूंनी बंद असली, तरी चौथ्या दिशेने ती सताड उघडीच आहे.

मोजत मोजत वर चढू

आता घनाकडे येऊ. खडूचं टोक फळ्यावर टेकवलं की ठिपका उमटतो. ते टोक ओढलं की रेघ होते. खडू आडवा धरून त्याच्याच लांबीएवढा ओढला की चौरस पट्टा उमटतो. चौरस कागद एकावर एक रचत त्याच्या बाजूएवढी उंची गाठली की घन होतो. प्रत्येक वेळी कृती एकच: असलेली आकृती तिच्याशी काटकोनात असलेल्या नवीन दिशेने तेवढीच सरकवायची. मग घन चौथ्या दिशेने तेवढाच सरकवला की चौमितीय घन तयार. इंग्रज गणितज्ञ चार्ल्स हॉवर्ड हिंटन यांनी १८८८ मध्ये त्याला टेसरॅक्ट हे नाव दिलं.

सरकवताना काय होतं ते मोजायला सोपं आहे. सुरुवातीची आकृती असते, शेवटची आकृती असते आणि मधल्या वाटेवर माग उमटतो. प्रत्येक कोपऱ्याच्या मागाची कडा होते, प्रत्येक कडेच्या मागाचं पृष्ठ होतं, प्रत्येक पृष्ठाच्या मागाचा घन होतो. म्हणून नियम असा: "जुनं दुप्पट करा आणि त्यात मागाने तयार झालेलं मिळवा."

ठिपका: १ कोपरा.
रेघ: २ कोपरे, १ कडा.
चौरस: ४ कोपरे, ४ कडा, १ पृष्ठ.
घन: ८ कोपरे, १२ कडा, ६ पृष्ठं, १ घन.

घनाच्या कडा नियमाने तपासा. चौरसाच्या ४ कडांची दुप्पट ८, चार कोपऱ्यांच्या मागाच्या ४, एकूण १२. जमलं. आता पुढची पायरी:

कोपरे: ८ ची दुप्पट = १६.
कडा: १२ ची दुप्पट २४, अधिक ८ कोपऱ्यांच्या मागाच्या ८ = ३२.
पृष्ठं: ६ ची दुप्पट १२, अधिक १२ कडांच्या मागाची १२ = २४.
घन: १ ची दुप्पट २, अधिक ६ पृष्ठांच्या मागाचे ६ = ८.

म्हणजे साध्या घनाला जशी सहा चौरसांची भिंत असते, तशी चौमितीय घनाला आठ घनांची भिंत असते.

"कोणी पाहिलं नाही, तर हे बरोबर कशावरून?" असं मुलं विचारतील आणि विचारायलाच हवं. त्यांना प्रत्येक ओळीची बेरीज करायला लावा. आकृती स्वतःही एक म्हणून धरायची. ठिपका १. रेघ २+१=३. चौरस ४+४+१=९. घन ८+१२+६+१=२७. पुढे किती येणार? मुलं लगेच ओरडतात, ८१! आता आपल्या ओळीत बघा: १६+३२+२४+८ झाले ८०, आणि तो चौमितीय घन स्वतः १, एकूण ८१. प्रत्येक पायरीला तिप्पट. हे योगायोगाने होत नाही. सरकवताना प्रत्येक घटक सुरुवातीला एकदा येतो, शेवटी एकदा येतो आणि एकदा त्याचा माग येतो. एकाचे तीन. न दिसणाऱ्या वस्तूबद्दल इतकं पक्कं सांगता येतं, हे कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे येतं त्यासाठी तरी हा तास घ्यावा.

फळ्यावर कसा काढायचा?

घन काढताना दोन चौरस तिरपे सरकवून कोपऱ्याला कोपरा जोडला. चौमितीय घन काढायला दोन घन तिरपे सरकवा आणि कोपऱ्याला तोच कोपरा जोडा. १६ ठिपके, ३२ रेघा. ज्यांच्या हाताला ठिपक्यांच्या रांगोळीची सवय आहे त्यांना हे अजिबात जड जात नाही. काढून झाल्यावर बघा, आकृती गुंतागुंतीची, जाळ्यासारखी दिसते. आत काहीतरी आहे असं वाटतं, पण ते पकडीत येत नाही.

इथे क्षणभर थांबा. आत्ता आपल्याला जे वाटतंय, नेमकं तेच फळ्यावरचा घन पहिल्यांदा बघणाऱ्या मुलाला वाटतं. "दिसतंय ना?" असं आपण विचारतो. रेघा त्याला दिसतात, घन दिसत नाही. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत ठोकळे मोजा, आरशातली प्रतिमा ओळखा, असे प्रश्न येतात, तेव्हा हीच अडचण आडवी येते आणि मग "याला काही डोक्यात शिरत नाही" असा शिक्का बसतो. चित्र वाचायची सवय कमी असणं आणि बुद्धी कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सवय हाताने वस्तू फिरवून लागते. म्हणून चित्राआधी वस्तू द्या, आणि वस्तूआधी माती-काड्या.

करून पाहा. चिकणमातीच्या ८ गोळ्या आणि झाडूच्या सारख्या १२ काड्यांचा घन बनवा. उन्हात नेऊन जमिनीवर त्याची सावली बघा. घन फिरवा. सावलीतल्या कडा लहान-मोठ्या होतात, एकमेकींना छेदतात, कधी चौरस दिसतो, कधी षटकोन. हातातला घन मात्र आहे तसाच आहे. आता कळेल की मोबाईलवरच्या चित्रफितींत आतला घन बाहेर आणि बाहेरचा आत येतो ते काय असतं. ती फिरणाऱ्या चौमितीय घनाची सावली असते. खरा घन तुटत नाही, ताणला जात नाही, नुसता फिरतो.

ती सावलीसुद्धा मातीत बनवता येते. उघड्या खोक्यात वरून डोकावून बघा. दूरचा तळ लहान चौरस दिसतो, जवळचं तोंड मोठा चौरस, आणि चार भिंती तिरप्या. म्हणजे मोठ्या चौरसात लहान चौरस. एक पायरी वर चढलं की मोठ्या घनात लहान घन. त्यासाठी १६ गोळ्या घ्या. ५ सेंमीच्या १२ काड्यांचा लहान घन, १५ सेंमीच्या १२ काड्यांचा मोठा घन, आणि आतला कोपरा बाहेरच्या कोपऱ्याला जोडायला साधारण पावणेनऊ सेंमीच्या ८ काड्या. मग आठ घन मोजा: आतला एक, बाहेरचा एक, आणि मधल्या जागेतले सहा तिरपे. "मॅडम, मधले तर वाकडे आहेत!" असं मुलं म्हणाली, तर फार छान. सावलीत ते वाकडे दिसणारच, जसे फळ्यावरच्या घनाचे चौरस वाकडे दिसतात.

उलगडून बघू

पुठ्ठ्याचा घन कडांवर कापून उलगडला की सहा चौरसांची सपाट घडण मिळते. अधिक चिन्हासारखी घडण सगळ्यांना माहीत असते, पण घनाच्या एकूण ११ वेगवेगळ्या घडणी आहेत. पाचवीची मुलं चौकटीच्या वहीत त्या शोधू शकतात.

चौमितीय घन उलगडला की आठ घनांची घडण मिळते. मध्ये एक घन, त्याच्या सहाही पृष्ठांना एकेक घन चिकटलेला, आणि त्यातल्या एकाच्या टोकाला आठवा. स्पेनचे चित्रकार साल्वादोर दाली यांनी १९५४ मध्ये येशूच्या क्रूसाचं चित्र काढताना लाकडी खांबाऐवजी हीच आठ घनांची घडण काढली. काड्यापेटीसारखे आठ सारखे खोके चिकटवून मुलं ती बनवू शकतात. तिची घडी घालून परत चौमितीय घन मात्र करता येणार नाही. निवळीला चौरसांची घडण दिली, तरी ती घडी घालू शकणार नाही, कारण घडी घालायला लागणारं "वर" तिच्याकडे नाही. अशा घडणी चौमितीय घनाला २६१ आहेत.

उजव्या सोंडेचा गणपती

मराठीत चौथ्या मितीच्या या विचाराला जवळची एक फार सुंदर गोष्ट आहे. डॉ. जयंत नारळीकर (१९ जुलै १९३८ – २० मे २०२५) यांची 'उजव्या सोंडेचा गणपती' ही विज्ञानकथा. कोल्हापुरात जन्मलेल्या, १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही संस्था उभी करणाऱ्या या शास्त्रज्ञाने आपल्या भाषेत अशा कथा लिहिल्या. या कथेत अवकाशाला मोबियस पट्टीसारखा पीळ पडतो आणि त्यातून जाऊन आलेली वस्तू आरशातल्या प्रतिमेसारखी उलटते. डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो.

यामागचं गणित लक्ष्मीच्या पावलांवर समजावता येतं. कागदाची दोन पावलं कापा, एक डावं, एक उजवं. टेबलावर सपाट ठेवून डावं पाऊल कितीही सरकवा, गोल फिरवा, ते उजव्यावर तंतोतंत बसणार नाही. पण उचलून उलथं केलं की लगेच बसतं. आपण त्याला तिसऱ्या मितीतून फिरवून आणलं. सपाट जगातल्या रहिवाशाला हा चमत्कारच.

आता पायातली चप्पल घ्या. डाव्या पायाची चप्पल कशीही उलटी-सुलटी केली, तरी उजव्या पायाची होत नाही. तिला चौथ्या मितीतून फिरवून आणता आलं असतं, तर झाली असती. ही गोष्ट जर्मन गणितज्ञ मोबियस यांनी १८२७ मध्येच लिहून ठेवली होती. ज्या पट्टीला त्यांचं नाव मिळालं ती १८५८ मधली.

ती पट्टी वर्गात नक्की करा. पारदर्शक प्लास्टिकची लांब पट्टी घ्या, एका टोकाला अर्धा पीळ द्या आणि दोन्ही टोकं चिकटवा. पट्टीवर स्केचपेनने एक डावं पाऊल काढा. तेच पाऊल पुढे पुढे गिरवत एक फेरी पूर्ण करा. सुरुवातीच्या जागी परत आल्यावर प्लास्टिकमधून बघितलं की पाऊल उजवं झालेलं दिसतं. कुठेही उचललं नाही, उलथं केलं नाही, तरी उलटलं! आरशातल्या प्रतिमेचा धडा शिकवायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

लाकडी ठोकळ्यांची विद्यार्थिनी

कोणाला वाटेल, हे सगळं मोठ्या विद्यापीठातल्या लोकांचं काम. म्हणून ॲलिशिया बूल यांची गोष्ट सांगते. जन्म १८६०, आयर्लंडमधला. वडील जॉर्ज बूल हे थोर गणितज्ञ, पण त्या चार वर्षांच्या असतानाच ते वारले. आई मेरी एव्हरेस्ट बूल यांनी गणित शिकवण्याच्या पद्धतीवर पुस्तकं लिहिली. पुठ्ठ्याला भोकं पाडून दोऱ्याने वक्र आकार काढायचा जो खेळ आपण घेतो, त्याच्याशी त्यांचं नाव जोडलेलं आहे.

या मेरीबाईंचे काका म्हणजे ज्यांचं नाव शिखराला मिळालं ते जॉर्ज एव्हरेस्ट. भारताच्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रमुख विल्यम लॅम्ब्टन १८२३ मध्ये आपल्या विदर्भात, हिंगणघाटला वारले आणि त्यांच्यानंतर ते काम एव्हरेस्ट यांच्याकडे आलं.

ॲलिशिया कॉलेजात गेल्या नाहीत. टेसरॅक्टला नाव देणारे हिंटन त्यांच्या घरी लाकडी ठोकळे घेऊन यायचे आणि बहिणींना चौथ्या मितीची कल्पना करायला शिकवायचे. साधारण अठरा वर्षांच्या ॲलिशिया त्यात इतक्या पुढे गेल्या की पुढे त्यांनी स्वतःच शोधून काढलं की चार मितींत नियमित घनाकृती नेमक्या सहा असतात. आपल्या तीन मितींत त्या पाच आहेत, आणि पाच किंवा जास्त मितींत फक्त तीनच. स्वित्झर्लंडचे गणितज्ञ श्लाफ्ली यांना हे आधीच सापडलं होतं, पण ते ॲलिशियांना माहीत नव्हतं. त्यांची पद्धत आपल्या निवळीचीच. चौमितीय वस्तू आपल्या जगातून आरपार जाताना तिच्या चकत्या कशा दिसतील हे त्या ठरवायच्या आणि त्या चकत्या पुठ्ठ्यातून बनवायच्या. १९१४ मध्ये नेदरलँडच्या ग्रोनिंगन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ठोकळे आणि पुठ्ठा आपल्या शाळेतही आहे.

चौथी मिती म्हणजे काळ ना?

हा प्रश्न पालक हमखास विचारतात. उत्तर असं: घटना सांगताना काळ हे चौथं माप होतं. लग्नपत्रिकेत गाव, मंगल कार्यालय, कितवा मजला हे सगळं आहे, पण मिती आणि वेळ नसेल, तर पाहुणा लग्नाला पोहोचणार नाही. आइन्स्टाइन यांच्या १९०५ च्या सिद्धांतानंतर मिन्कोव्स्की यांनी १९०८ मध्ये अवकाश आणि काळ यांना एकत्र चौमितीय मानून मांडणी केली. पण काळात आपण मागे येऊ शकत नाही, तो लांबी-रुंदीसारखा वागत नाही. आजच्या लेखातली चौथी मिती ही लांबी-रुंदीसारखीच आणखी एक दिशा आहे. ती निसर्गात असल्याचा पुरावा प्रयोगांतून मिळालेला नाही. भूमितीत मात्र तिचा विचार करायला कोणतीच आडकाठी नाही.

मग उपयोग काय? प्रगतिपत्रक काढा. एका मुलाचे मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास या चार विषयांचे गुण ४२, ३८, ४०, ३५. दुसऱ्याचे ४५, ३७, ४१, ३०. चार मापं म्हणजे चार मिती, आणि प्रत्येक मूल त्या जागेतला एक ठिपका. दोघांत अंतर किती? फरक ३, १, १, ५. त्यांचे वर्ग ९, १, १, २५. बेरीज ३६, वर्गमूळ ६. पायथागोरसचा नियम दोन मितींत चालतो, तीनमध्ये चालतो, चारमध्येही तसाच चालतो. १ मीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण सुमारे १.४१ मीटर, घनाचा सुमारे १.७३ आणि चौमितीय घनाचा चारचं वर्गमूळ म्हणजे बरोबर २ मीटर. मोबाईल चेहरा ओळखतो, तेव्हा चेहऱ्याच्या संख्यांची अशीच लांब यादी करून दोन याद्यांमधलं अंतर मोजलं जातं. तिथे मिती चार नसून शेकडो असू शकतात.

आणि एक लक्षात घ्या. एवढ्या चार मापांतही मूल मावत नाही. त्याचं पोहणं, गाणं, धाकट्या भावाला सांभाळणं या मिती आपण मोजतच नाही. प्रगतिपत्रक ही मुलाची सावली आहे.

वर्गात आणि घरी कसं घ्यायचं?

तिसरी-चौथीला निवळीची गोष्ट, गुंड आणि कागदाची पावलं पुरेत. पाचवीला घडणी, मातीचा घन, उन्हातली सावली आणि तिप्पटीचा नियम घ्या. सहावी-सातवीला मोबियस पट्टी आणि १६ गोळ्यांचा घन. पालकांनी घरी बटाटा घनासारखा कापून वेगवेगळ्या दिशांनी चिरून बघावा. एका कोपऱ्याकडून काप घेत गेलं की आधी त्रिकोण येतो, मग बरोबर मध्यावर सुंदर षटकोन. भाजी वाया जात नाही आणि धडा होतो.

या सगळ्यावर परीक्षेत प्रश्न येणार नाही, म्हणून गुण द्यायची घाई नको. कोणी चुकीची कल्पना सांगितली, तर "निवळीच्या जगात काय झालं असतं?" एवढंच विचारा. बाकीचं मुलं स्वतः सांगतात.

शेवटी मुलांना पाचव्या मितीची ओळ भरायला द्या: ३२ कोपरे, ८० कडा, ८० पृष्ठं, ४० घन, १० चौमितीय घन आणि तो स्वतः १. बेरीज २४३ आली की समजायचं, गणित जमलं. सहाव्या मितीची ओळ मी इथे देत नाही. ती तुमच्या वर्गातल्या मुलांनी भरू दे.